एका मांडवावर दोन वेली: कृष्णकमळ, तवसं आणि चतुर्थीची मुदत

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका घराच्या मागील दारचं आहे. घरातल्यांच्या परवानगीने लिहिते आहे, पण नावगाव देत नाही. त्यांना मी नाना आणि काकी म्हणते, इथेही तेच म्हणेन. मी शेतीची पदवी घेतलेली आहे आणि ओळखीपाळखीत कोणाच्या परसबागेत काही बिघडलं की बघायला जाते. या घरात मी जवळजवळ दीड वर्ष जात-येत होते. त्यातला पहिला आठवडा मी चुकीच्या प्रश्नामागे घालवला, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

नाना मुंबईची नोकरी संपवून गावी आले. विहिरीच्या अंगाला त्यांनी बारा फूट लांब, दहा फूट रुंद मांडव घातला. खांब पोफळीचे, वर चिवारीच्या (बारीक बांबूच्या) काठ्या, बांधायला सुंभ. 2021च्या पावसात काकींनी एका खांबाच्या बुंध्याशी कृष्णकमळाचं रोप लावलं. बहिणीकडे खाल्लेल्या पॅशन फ्रूटच्या फळातलं बी रुजवून केलेलं, पिवळ्या फळाच्या जातीचं, आणि एकच.

आपल्याकडे कृष्णकमळ या एका नावात या कुळातल्या बऱ्याच वेली येतात. फुलातली शंभर तंतूंची झालर म्हणजे कौरव, त्यावरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरची तीन टोकं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, हे लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. काकींना फूल त्यासाठीच हवं होतं. पिवळ्या जातीचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं आणि रात्री मिटतं, त्यामुळे तिन्हीसांजेला देवापुढे ठेवायला ताजं फूल मिळायचं.

दोन वर्षांत वेलीने निम्म्याहून जास्त मांडव झाकला. 2023च्या जूनमध्ये नानांच्या मनात आलं की मांडव तयारच आहे, तर तवशी, म्हणजे पावसाळी गावठी काकड्या, का लावू नयेत? दक्षिण कोकणात पाऊस 11 जूनला आला आणि तिथेच रेंगाळला, म्हणून त्यांनी 24 जूनला बी टोचलं. शेजाऱ्यांकडचं जुनं गावठी बी, राखेत घोळवून ठेवलेलं. पूर्वेच्या दोन खांबांशी दोन आळी केली, आळ्यात टोपलीभर शेणखत घातलं आणि प्रत्येकी दोन रोपं राखली. चार वेली म्हणजे घराला भरपूर.

हेतू एकच होता. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी माटवी बांधतात, तिच्यात कवंडळं, नारळ, आंब्याचे टाळे यांच्याबरोबर तवसं लागतं. नाना म्हणत, "माटयेक घरचा तवसा व्हया." त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, म्हणजे नेहमीपेक्षा उशिरा. म्हणून त्यांना उशिरा पेरल्याची काळजी वाटली नव्हती.

अडचण

जुलैअखेर तवशाच्या वेली आठ-नऊ फूट गेल्या. पानं काळपट हिरवी, तळहाताहून मोठी. फुलंही आली, पण जवळजवळ सगळी नर. मागे इवलीशी काकडी घेऊन येणारं मादीफूल क्वचित दिसायचं, आणि जे यायचं ते करंगळीएवढं होऊन पिवळं पडायचं. दोन फळं जरा मोठी झाली, तर त्यांच्या सालीवर टाचणी टोचल्यासारखं भोक आणि त्यातून डिंकासारखा थेंब. कापली तर आत अळ्या. शेजारीच कृष्णकमळाला रोज दहा-पंधरा फुलं येत होती, पण दोन वर्षांत फळ एकही नव्हतं.

मी जाण्याआधी नानांच्या तीन गोष्टी करून झाल्या होत्या. जमिनीत जोर नाही असं समजून दोनदा युरिया दिला. कृष्णकमळाच्या पानांवर काटेरी तांबूस-काळ्या अळ्या दिसल्या म्हणून दुकानातून आणलेलं कीटकनाशक सकाळी आठ वाजता सगळ्या मांडवावर फवारलं. आणि फळमाशीसाठी आंब्याच्या बागेतला रक्षक सापळा आणून टांगला. तिन्ही गोष्टी कष्टाने आणि चांगल्या मनाने केलेल्या. तिन्हींनी एक तर नुकसान केलं, नाही तर काहीच केलं नाही.

पहिली भेट आणि पहिला चुकलेला निर्णय

मी 6 ऑगस्टला, रविवारी सकाळी गेले. चतुर्थीला 44 दिवस होते. मांडवाखाली उभी राहिले तर सकाळी नऊलाही अंधारल्यासारखं. कृष्णकमळाच्या वेलीवर वेल चढून वर वीतभर जाड थर झाला होता आणि तवशाची शेंडं त्याच्या खालून उजेड शोधत कडेला चालली होती. मी फुलं मोजली: बावीस नर, तीन मादी. अर्धा तास बसले, मधमाश्या दोनच आल्या.

पानांवर पिवळे डाग होते. ते आधी तपासले, कारण इथे धोका मोठा असतो. काकडीवर येणारा मोझॅक विषाणू कृष्णकमळालाही लागतो, मावा तो एका वेलीवरून दुसरीवर नेतो, आणि एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. पान उन्हासमोर धरून बघितलं. डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोनाकोनाचे होते, आणि पान उलटल्यावर त्याच जागी जांभळट राखाडी बुरशी. म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग. मोझॅकमध्ये हिरवी-पिवळी चित्रं शिरांना जुमानत नाहीत आणि पान आखडतं. खालची रोगट पानं काढून जाळायला सांगितली आणि तेवढ्यावर थांबले. पुढे ऑगस्टभर पाऊस जवळजवळ आलाच नाही (देशात 1901पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला), त्यामुळे केवडा आपोआप थांबला. ते श्रेय माझं नाही.

चूक पुढे झाली. दोन्ही वेलींना फळ धरत नाही आणि मधमाश्या दिसत नाहीत, एवढ्यावरून मी दोन्हींचं कारण एकच ठरवलं: फवारणीने मधमाश्या गेल्या, परागीभवन होत नाही. तवशाच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. पण मी लक्ष दिलं ते कृष्णकमळाकडे. मांडव फुलांनी भरलेला आणि फळ शून्य, हे डोळ्यांना जास्त खुपत होतं. काकींना रोज दुपारी एक वाजता रंगकामाच्या ब्रशने पराग घेऊन वरच्या तीन टोकांना लावायला शिकवलं. आठवड्यात त्यांनी अकरा फुलांना हात लावला. अकराही फुलं चार-पाच दिवसांत देठासकट गळली.

13 तारखेला मी पहिल्यांदा भर दुपारी गेले. साडेबाराला पाकळ्या सुटायला लागल्या. आधी वरची तीन टोकं सरळ आभाळाकडे होती, मग तासाभरात ती हळूहळू खाली वाकून पुंकेसरांच्या रांगेत आली. एकच्या सुमारास काळा मोठा भुंगा आला. झालरीखालच्या मधासाठी तो गोल फिरला, आणि फिरताना त्याची पाठ पुंकेसरांना घासून पिवळी झाली. दुसऱ्या फुलावर तीच पाठ खाली वाकलेल्या टोकांना लागली. या फुलाची मांडणीच एवढ्या मोठ्या किड्यासाठी आहे. मधमाशी लहान पडते, ती पराग उचलून नेते आणि टोकांना तिचा स्पर्शही होत नाही. भुंगा राहत कुठे होता? मांडवाच्याच एका सुक्या काठीत, पेन्सिल जाईल एवढ्या गोल भोकात. खाली भुशाची बारीक रांगोळी पडलेली होती.

म्हणजे परागीभवन दोन वर्षं व्यवस्थित चाललं होतं. पिवळ्या जातीच्या वेलीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो. एकाच बीचं एकच रोप होतं, मग फळ येणार कुठून? जांभळ्या फळाच्या जातीत ही अडचण सहसा नसते. हे मला माहीत होतं, पण रोप कोणत्या जातीचं हे मी विचारलंच नव्हतं.

काकींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माका फळां नको गे, फुलां पुरे." या घरात कृष्णकमळाचं फळ कोणालाच नको होतं. नानांना माटवीसाठी तवसं हवं होतं, काकींना देवापुढे फूल. फळाचा प्रश्न मीच आणला होता आणि त्यापायी 44 दिवसांतले सात गेले.

पर्याय

त्याच संध्याकाळी पडवीत बसून बोललो. मुंबईहून मुलगाही फोनवर होता.

नानांचं मत, कृष्णकमळ बुंध्यातून तोडावं. उजेड येईल, अळ्यांची कटकट जाईल. काकी काहीच बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. निज श्रावण 17 ऑगस्टला लागणार होता आणि श्रावणी सोमवारची फुलं त्यांच्या मनात होती, हे मला नंतर कळलं. मुलाचं म्हणणं, बाजारात तवशी मिळतात, एवढा जीव का काढायचा? हा पर्याय चुकीचा नव्हता. माटवीला बाजारचं तवसं कोणी नाकारत नाही. पण नानांच्या लेखी ते हरणं होतं, आणि ज्यांनी आळी खणली त्यांच्या मनाला किंमत द्यायला हवी असं मला वाटलं.

तिसरा विचार, मोकळ्या जागी नव्याने बी टोचण्याचा. दापोलीच्या विद्यापीठाची 'शीतल' जात लवकर येणारी. पण हातात 37 दिवस होते. एवढ्यात फार तर पहिलं कोवळं फळ दिसलं असतं, आणि पावसाचा भरवसा नव्हता. हा पर्याय सोडला.

उरला मधला मार्ग: कृष्णकमळाचा फक्त पूर्वेकडचा भाग, साधारण तिसरा हिस्सा छाटायचा आणि तवशाला सकाळचं ऊन मोकळं करायचं. भर फुलोऱ्यात कृष्णकमळ छाटू नये, कारण फुलं नव्या फुटव्यांवरच येतात आणि छाटले की तेवढी फुलं जातात. पण फळ धरतच नव्हतं, त्यामुळे जाणार होती ती फुलंच, आणि पश्चिमेची काकींना पुरत होती. मी काकींना मांडवाखाली नेऊन कुठे कापणार ते दाखवलं. त्यांनी एका जाड फांदीला सुतळी बांधली आणि म्हणाल्या, हिच्या अलीकडे नको. ती सुतळी ही आमची हद्द झाली.

काय केलं

14 ऑगस्टला छाटणी केली. वरचा थर कात्रीने थोडा थोडा कापून उचलावा लागला, कारण दोन्ही वेलींच्या तणाव्यांनी (आधार धरायच्या दोऱ्यांनी) एकमेकांना घट्ट धरलं होतं. ओढलं असतं तर तवशाची शेंडं तुटली असती. दोन तासांचं काम सकाळभर चाललं.

युरिया 6 तारखेलाच बंद केला होता. नत्र जास्त झालं की वेल पानांत रमते आणि मादीफुलं मागे पडतात. काकडीत नर फुलं आधी येतात हा निसर्गक्रमच आहे. सावली आणि युरियाने तो लांबवला होता. फवारणी पूर्ण थांबवली. अळ्या टॉनी कोस्टर नावाच्या केशरी फुलपाखराच्या होत्या. त्या कृष्णकमळ खातात, तवशाच्या वाटेला जात नाहीत. तवशावर पडणारं औषध व्यर्थ होतं, आणि तेही सकाळी आठला, म्हणजे तवशाचं फूल उघडं आणि मधमाश्या फुलांवर असतानाच.

पाणी एक दिवसाआड, प्रत्येक आळ्याला दोन हंडे, आणि वर पातेऱ्याचा (सुक्या पानांचा) जाड थर.

सापळ्याची गोष्ट जरा सांगायला हवी. नानांचा रक्षक सापळा उत्तम होता, पण आतली वडी मिथाईल युजेनॉलची, आंब्याच्या फळमाशीला भुलवणारी. काकडीवर्गावरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर नावाची वेगळी वडी लागते. वडी बदलल्यावर तिसऱ्या दिवशी तळाशी माश्या दिसल्या. सापळ्यात सापडतात फक्त नर, अंडी घालणारी मादी बाहेरच राहते, म्हणून एवढ्यावर भिस्त ठेवली नाही. गळलेलं प्रत्येक फळ साबणाच्या पाण्यात बुडवायचं ठरवलं, कारण अळी फळातून मातीत उतरून कोश करते.

18 ऑगस्टपासून मादीफुलं वाढली. रोज सकाळी सात ते नऊ, नाना ताजं नरफूल तोडायचे, पाकळ्या मागे सोलायचे आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचे. एका मादीफुलाला दोन-तीन नर. पराग कमी पडला तर फळ एका बाजूने फुगतं आणि दुसरीकडे चिमटतं. तिसऱ्या दिवशी पाकळ्या सुकल्या की फळावर जुन्या सुती लुगड्याची पिशवी. पिशव्या काकींनी शिवल्या, नाडीसकट. 30 तारखेपर्यंत चौदा फुलं झाली.

निष्पत्ती

चौदांपैकी नऊ फळं धरली. दोन पिशवी चढवायच्या आधीच माशीने टोचली, एक माकडाने पिशवीसकट नेलं. 19 सप्टेंबरला वेलीवर सहा तवशी होती. सगळ्यात मोठं, हातभर लांब, सालीवर पिवळसर छटा आलेलं, माटवीत मधोमध बांधलं. एक बी देणाऱ्या शेजाऱ्यांना गेलं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीच्या भाजीत एक, धोंडसात (तवशाच्या गोड केकात) दोन. उरलेलं एक कडू निघालं, देठाकडे तर तोंडात धरवेना. सप्टेंबरच्या सुरुवातीला घरचे तीन दिवस लग्नाला गेले होते आणि पाणी चुकलं होतं. पाण्याचा ताण आणि ऊन एकत्र आलं की काकडीत कडवटपणा वाढतो. पाणी तिथे कमी पडलं, हाच माझा अंदाज आहे.

श्रावणातल्या चारही सोमवारी काकींना फुलं मिळाली. छाटलेल्या भागाला ऑक्टोबरात नवे फुटवे आले.

पुढच्या वर्षी, 2024ला, नानांनी तवशाचा मांडव वेगळा घातला, गोठ्याच्या पूर्वेला. चतुर्थी 7 सप्टेंबरला, म्हणजे बारा दिवस आधी आली. या वेळी त्यांनी बी दोन खेपांत टोचलं, 12 जूनला आणि 1 जुलैला. जुलैच्या पावसात केवड्याने पहिल्या खेपेच्या वेली निम्म्या गेल्या. माटवीचं तवसं दुसऱ्या खेपेतून आलं. एकच पेरणी असती तर तेही गेलं असतं.

कृष्णकमळाशेजारी दुसऱ्या गावातल्या, नात्यात नसलेल्या वेलीचं रोप लावलं. एकाच फळातली भावंडं असती, तर त्यांनीही एकमेकांचा पराग नाकारण्याची शक्यता होती. 2024च्या नोव्हेंबरअखेर मांडवाखाली पहिलं पिवळं फळ पडलेलं मिळालं. हे फळ पिकलं की आपसूक गळतं, तोडायचं नसतं. काकींनी ते सरबतात घातलं आणि नानांनी दोनदा मागून घेतलं.

आज पुन्हा बोलावलं तर

आधी दोघांना वेगवेगळं विचारेन, की तुम्हाला या वेलीकडून काय हवं आहे. नानांबरोबर बोलून मी थेट मांडवाकडे गेले होते.

ब्रश हातात देण्याआधी फूल उमलायच्या वेळी एकदा स्वतः बसेन. तवशासाठी सकाळी सात आणि पिवळ्या कृष्णकमळासाठी दुपारी एक, या दोन वेगळ्या वेळा आहेत. मी दोन्हींचा निकाल सकाळी नऊला लावला होता.

छाटणीची वेळही चुकलीच. ती मार्च-एप्रिलमध्ये, तवशाचं बी टोचायच्या कितीतरी आधी व्हायला हवी होती. ऑगस्टात केली ती नाइलाजाने. आणि हातात 44 दिवस असतानाच पर्यायी बी टोचायला हवं होतं. आठवड्याने तो पर्याय तपासला तेव्हा तो संपला होता.

अळ्यांचा निर्णय मात्र मी बदलणार नाही. तो खरं तर काकींचा होता. सुतळीच्या अलीकडची पानं अळ्यांना, पलीकडच्या अळ्या वेचायच्या, असं त्यांनी ठरवलं. मागच्या वेळी गेले तेव्हा त्या जाड फांदीवर सुतळी तशीच होती, आणि तिच्या अलीकडच्या तीन-चार पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या.